कचकड्याचं पिस्तूल आणि आमचे थोरले साडू

आमचे थोरले साडू होते तोवर इंदुरातला एकही खिळा स्वतःच्या मर्जीने सैल राहू शकला नाही, आणि त्यांनी एकदा बसवलेला खिळा पुन्हा उठला नाही. लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला पेचकस असे. रस्त्याने चालताना लोक ओळखीचे चेहरे बघतात, हे दारांच्या बिजागऱ्या बघत. टांग्यात बसले तर आधी वाकून चाकाची कुणी, म्हणजे आसातली खीळ, तपासत आणि मग टांगेवाल्याला विचारत, "क्यों भिया, घर में बाल-बच्चे हैं?" तो बिचारा हो म्हणाला की म्हणत, "तो फिर इसको कसवा लो." देवळात शिरले की सगळे घंटा वाजवत, हे घंटेचा आकडा हलवून बघत. पुजारी त्यांना पाहून तीर्थ द्यायच्या आधी समईची मान पुढे करी, कारण ती डुगडुगते हे आज ना उद्या यांच्या लक्षात येणारच होतं.

माझी आणि त्यांची पहिली भेट झाली ती मी मुलगी बघायला गेलो तेव्हा. स्नेहलतागंजातल्या त्या घराचे ते आधीच जावई झालेले होते, आणि मी व्हायचा होतो. मी इस्त्रीचा कोट घालून, चेहऱ्यावर भूगोल शिकवताना आणतो तसा भारदस्तपणा आणून खुर्चीवर बसलो आणि खुर्ची कुरकुरली. एवढ्यात मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली. मी तिच्याकडे बघणार तोच हे म्हणाले, "जरा उठा." वडीलधारे सांगताहेत म्हणून मी उठलो. यांनी खुर्ची उचलली, उलटी केली, मांडीवर घेतली आणि खिशातून पेचकस काढून तिच्या पायाशी लागले. इकडे मुलीने बशी पुढे केली, मी ती घेतली, आणि भारदस्तपणा सुटू नये म्हणून मागे न बघता खाली बसलो. खुर्ची अर्थातच तिथे नव्हती. पोहे माझ्या कोटावर, शेव माझ्या केसांत आणि मी जमिनीवर, असा माझा त्या घरात प्रवेश झाला. सगळे माझ्या केसांतली शेव बघत होते. हे मात्र खुर्ची सरळ करून म्हणाले, "आता बसा. आता बिलकुल हलणार नाही." मुलगी हसली, आणि लग्न ठरलं. पुढे अनेक वर्षं ते मला सांगत, "धाकटे, मी ती खुर्ची कसली नसती ना, तर तुमचं काही जमलं नसतं." ते मला धाकटे म्हणत, मी त्यांना भाऊसाहेब म्हणे, आणि आमच्या बायका आम्हा दोघांना मिळून जे म्हणत ते इथे लिहिण्याजोगं नाही.

त्यांच्या घराण्यात हे आलं होतं आजोबांकडून. आजोबा सरकारच्या शिलेखान्यात होते. बंदुका, तलवारी, दसऱ्याच्या स्वारीचे भाले यांची देखभाल त्यांच्याकडे. वडीलही तेच करत. यांच्या पिढीपर्यंत संस्थानच राहिलं नाही, तेव्हा हे कचेरीत हेडक्लार्क झाले. पण रक्तातला शिलेखाना काही जाईना. नवं राज्य झालं, कचेऱ्या एकेक करून भोपाळला हलू लागल्या, चहाच्या टपरीवर जो तो राजकारण सांगू लागला. यांचं मत एकाच वाक्यात असे. "चार तुकडे आणून जोडले आहेत. ठोकून जोडले आहेत. बसायला टाइम लागेल."

ठोकणं आणि बसवणं यांत त्यांच्या लेखी स्वर्ग-नरकाचं अंतर होतं. ठोकतो तो घाईचा माणूस. त्याला काम झालेलं दिसायला हवं असतं. बसवतो तो वस्तूला विचारून काम करतो. "लोखंडाला ठोकलं तर ते सोसतं," ते म्हणत, "लाकूड रुसतं, आणि माणूस तोंडाने काही बोलत नाही, पण तडकतो." जगातली सगळ्यात मोठी स्तुती त्यांच्याकडे एकाच शब्दात होती. वरणाला फोडणी चांगली लागली की, बसलं. गवयाने सम गाठली की, बसलं. आमच्या लग्नाला दहाएक वर्षं झाल्यावर एकदा मी आणि माझी बायको एकाच वेळी एकमेकांवर ओरडलो आणि एकाच वेळी थांबलो, तर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुमचं बसलं हो आता."

हसण्यावारी नेण्याजोगा माणूस, असं मीही बरेच दिवस समजत होतो. मग एकदा त्यांच्याबरोबर समाचाराला गेलो. कचेरीतले एक जुने सोबती वारले होते. घरात बायकामाणसं, मधे सुन्न बसलेली त्यांची बायको, आणि आलेला प्रत्येक माणूस काय बोलावं ते न सुचून "झालं ते वाईट झालं" एवढंच म्हणत होता. मी तर घाबरून "पुन्हा येऊ अशाच प्रसंगी" असं म्हणून बसलो आणि बरोबर आलेल्या माझ्या बायकोने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. साडू मात्र उठले. ते दाराशी गेले, कडी वरखाली करून बघितली, आणि खाली बसून निमूटपणे ती बसवत राहिले. मला लाज वाटली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "भाऊसाहेब, आजच्या दिवशी तरी?" ते म्हणाले, "दार आतून लागत नव्हतं, धाकटे. आता ती बाई घरात एकटी झोपणार." मी पुढे घरापर्यंत काही बोललो नाही, आणि तेच त्या दिवशी माझ्याकडून घडलेलं एकमेव शहाणपण.

पण शहर त्यांना ओळखत होतं ते या कशासाठी नव्हे. शहर त्यांना ओळखत होतं ते त्यांच्या पिस्तुलाच्या बारासाठी. आमच्याकडच्या शाळांच्या वार्षिक मैदानी स्पर्धांत शर्यत सोडणारा माणूस म्हणजे स्टार्टर, आणि तो मान कित्येक वर्षं थोरल्या साडूंचा होता. पितळी बटणांचा वडिलांचा कोट, पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांवर खडू फासलेला, आणि उजवा हात आभाळाकडे. "तयार" म्हणत ते असं की झाडावरचे कावळेदेखील पवित्रा घेत. एकदा त्यांना बेटम्याच्या शाळेने बोलावलं. पोस्टरावर "बंदूक से दौड़" असं लिहिलं होतं म्हणून आसपासच्या खेड्यांतून गर्दी लोटली. बार झाला, पोरं पळाली, आणि पोरांच्या मागून दावं तोडलेल्या दोन म्हशीही पळाल्या. त्यातली एक दुसरी आली असं तिचा मालक अजून सांगतो.

सुरुवातीला त्यांच्याकडे घरचं जुनं लोखंडी पिस्तूल होतं, नुसता बार काढणारं. ते गंजून गेलं तेव्हा स्पर्धा समितीला एका दानशूर गृहस्थाने परदेशाहून आणलेलं नवं पिस्तूल भेट दिलं. गोळी नाही, नुसतीच टिकली भरायची, ढम् आवाज आणि पांढरा धूर. पण त्याचं अंग लोखंडाचं नव्हतं. काळ्या, चकचकीत, टणक कचकड्याचं होतं. साडूंनी ते हातात घेतलं, तोललं, नखाने वाजवलं आणि म्हणाले, "ही बांगडी आहे." चार दिवस ते त्याला बांगडीच म्हणत होते. शिलेखान्याच्या नातवाच्या हातात बांगडी, अशी त्यांची व्यथा. पण पहिला बार काढला तो असा खणखणीत निघाला की त्यांचा चेहरा उजळला. रात्री घरी मऊ फडक्याने त्याला पुसताना मी त्यांना पकडलं. "हलकं आहे, पण स्वभावाने चांगलं आहे," ते म्हणाले.

त्या हलक्या अंगातच दुखणं होतं. पिस्तुलाचा घोडा आणि चाप, दोन्ही कचकड्यात आरपार घातलेल्या बारीक पोलादी पिनांवर तोललेले. प्रत्येक बाराला पिन किंचित सरके, कचकड्याचं भोक किंचित मोठं होई. पोलाद हट्टी आणि कचकडं भिडस्त, तेव्हा झीज कोणाची होणार हे ठरलेलंच. एका वर्षी शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला साडूंनी हात वर केला, "तयार" म्हणाले, बार झाला, आणि पिस्तुलातून चाप लोंबकळत खाली आला. पिन मातीत पडली होती. त्यानंतरच्या शर्यती थांबल्या. गुरुजी, पोरं, पाहुणे, सगळे धुळीत वाकून पिन शोधू लागले. मी त्यांचा मदतनीस, टिकल्यांचा डबा धरून उभा राहणारा, तेव्हा माझी जबाबदारी सगळ्यांत मोठी. मी गुडघ्यांवर रांगलो आणि अखेर मला एक काळी, बारीक, चमकणारी पिन सापडली. मी ती विजयाने उंच धरली. टाळ्या झाल्या. साडूंनी ती चिमटीत घेतली, वाकवून बघितली आणि म्हणाले, "धाकटे, ही कोणाच्या तरी अंबाड्यातली आहे." खरी पिन नंतर त्यांच्याच बुटाच्या खडूत चिकटलेली निघाली.

समितीचे सेक्रेटरी माणूस भला. सियागंजात त्यांची मिरची-हळदीची ठोक पेढी होती आणि साडूंवर त्यांचा फार जीव. पण पुढच्या वर्षीच्या स्पर्धा आल्या तेव्हा ते संकोचत घरी आले. "भाईसाहब, बुरा मत मानना," ते म्हणाले, "पर बच्चे लाइन पे खड़े हैं और अपन पिन ढूँढ रहे हैं, ये अच्छा नहीं लगता. शनिवार दोपहर तक ठीक हो जाए तो आप ही चलाओगे, और कौन चलाएगा. नहीं हुई, तो नए पी.टी. मास्टर को बोल दूँगा, वो लकड़ी के पटिये बजा देगा." दोन फळ्या एकमेकींवर आपटून शर्यत सोडायची, ही कल्पनाच साडूंना धोब्याच्या घाटासारखी वाटली. पण ते एवढंच म्हणाले, "शनिवारपर्यंत सांगतो." सेक्रेटरी गेल्यावर त्यांनी आपला पितळी बटणांचा कोट खुंटीवरून काढला, झटकला आणि परत टांगला. त्या दिवशी जेवताना पाट डुगडुगतो हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही, म्हणजे बघा.

मग सुरू झालं पिनपुराण. आम्ही सियागंजातल्या लोखंडवाल्यांच्या दुकानांत हिंडलो. साडू पिन हातात घेत, काउंटरच्या काचेवर ठेवून घरंगळवत, कान लावून तिचा आवाज ऐकत आणि परत करत. "टेढ़ी है." एका दुकानदाराने कंटाळून विचारलं, "भिया, पिन चिये कि दामाद?" साडू म्हणाले, "दामाद तो मैं खुद हूँ. पिन सीधी चिये." शेवटी थोडी जाड पिन मिळाली. ती घालताना कचकड्याला केसासारखी चीर पडू लागली, तेव्हा त्यांनी ती अशी हलकेच काढून घेतली जशी झोपलेल्या माणसाच्या डोक्याखालून उशी काढावी. मग पिनेला रेशमाचा धागा गुंडाळून झाला. मेण लावून झालं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून झाली. तिच्यासाठी मला एक अख्खं पाकीट विकत घ्यावं लागलं आणि सिगारेटी वाया जाऊ नयेत म्हणून मी एक ओढून पाहिली, तर तीही नेमकी सासऱ्यांच्या समोर. चांदीची पिन एक दिवस टिकली आणि दुसऱ्या दिवशी अंगणातल्या चाचणीत, बाराबरोबर, सुईसारखी उडून तुळशीवृंदावनात पडली. मी एकदा हळूच म्हणालो, "भाऊसाहेब, हलक्या हाताने एक ठोका घातला तर?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी पिस्तूल नव्हे, मेव्हणीच ठोकायची सुचवली होती.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्यांचे सगळे उपाय संपले. पिस्तूल पुढ्यात, पिना ताटलीत, आणि ते नुसते बघत. मी पहिल्यांदा त्यांना हात न चालवता बसलेलं पाहिलं. थोरल्या बहिणीकडे म्हणून माझी बायकोही आलेली होती. दोघी बहिणी पाटावर बसून मटार सोलत होत्या. साडूंची नजर भिरभिरत खाली आली आणि माझ्या बायकोच्या पायांवर थांबली. मी जरा अस्वस्थ झालो. "अगं," ते तिला म्हणाले, "तुझ्या नखांना हे काय आहे?" बायको लाजेने लाल, नखं आधीच लाल. तिने पाय पदराखाली ओढून घेतले. "नेलपॉलिश," ती पुटपुटली. "पायालाच लावते. कोणाला दिसत नाही म्हणून." तिची बहीण म्हणाली, "अगं बाई, आणि मला कळू दिलं नाहीस? कधीपासून?" साडूंना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. "निघतं का?" त्यांनी विचारलं. "आठ-आठ दिवस निघत नाही हो," बायको म्हणाली, "घासलं तरी." साडू उठून उभे राहिले. "बाटली आणा."

मग शिलेखान्याच्या नातवाने डोळ्याला भिंग लावून, पोलादी पिनेला लाल नेलपॉलिशचा हात दिला. तो वाळू दिला. भोकात घालून बघितली. दुसरा हात दिला. पंख्याने वारा घालू दिला नाही. "घाईने वाळलं की पापुद्रा होतो." नवी वधू मेंदी वाळवताना हात धरते तशी पिन चिमट्यात धरून ते अंगणात उन्हाची वाट बघत सकाळी बसलेले मी पाहिले. मग त्यांनी अंगठ्याने, नुसत्या अंगठ्याने, पिन कचकड्यात दाबली. ती सरकत, जराशी कुरकुरत, आत गेली आणि दोन्ही अंगांशी सपाट होऊन थांबली. टिकली भरली. बार झाला. शेजारच्यांचं कुत्रं पलंगाखाली गेलं. आणखी टिकली, आणखी बार. पिन जागची हलली नाही. साडूंनी पिस्तूल कानाशी नेऊन हलवलं, आणि हळूच, जसं एखाद्या लहान मुलाला झोप लागली असं सांगावं तसं म्हणाले, "बसली."

आता दुपार व्हायच्या आत सेक्रेटरींना कळवायला हवं होतं. त्यांनी मला सायकल दिली. "जा, सांगून या."

इथे आम्हा इंदूरवाल्यांच्या हिंदीबद्दल सांगायला हवं. आम्ही जन्मभर हिंदी बोलतो आणि ती आपल्याला उत्तम येते असं मानतो. पण आमची हिंदी म्हणजे मराठी बाईने पंजाबी ड्रेस घालावा तसं, आतलं माणूस तेच. मी सेक्रेटरींच्या पेढीवर पोचलो तेव्हा मिरचीची पोती उतरत होती. आत पाऊल टाकताच माझ्या नाकाने बंड केलं.

"सेक्रेटरीजी," मी म्हणालो आणि शिंकलो. "भाऊसाहेबांनी भेजा है. पिस्तौल... आँक्छी... बैठ गई."

ते हातातलं काम टाकून उठले. "बैठ गई? अरे राम राम. पक्का?"

"एकदम पक्की बैठ गई. अब हिलेगी भी नहीं." पुन्हा शिंक.

"भाईसाहब कैसे हैं?"

"बहुत खुश हैं. बोल रहे थे, इतने दिन में ऐसी कभी नहीं बैठी."

सेक्रेटरींनी माझ्याकडे टक लावून बघितलं. माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. मिरचीच्या, पण त्यांना ते काय ठाऊक. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बड़े दिल के आदमी हैं," ते जड आवाजात म्हणाले. "उनको बोलना, फिकर न करें. कल सबसे आगे कुर्सी रखवाऊँगा उनकी. आराम से बैठें." मी रुमालाने नाक पुसत घरी आलो आणि सांगितलं, "फार आनंद झाला त्यांना. गळा भरून आला. उद्या तुमच्यासाठी खास खुर्ची ठेवताहेत." साडूंच्या छातीवरची पितळी बटणं जणू तेव्हाच लागली.

रविवारी सकाळी आम्ही मैदानावर पोचलो. कोट, खडूचे बूट, हातात पिस्तुलाची पेटी, मागे टिकल्यांचा डबा घेऊन मी. सुरुवातीच्या रेषेवर नवे पी.टी. मास्तर उभे होते, कोऱ्या पांढऱ्या पँटमध्ये, हातात दोन फळ्या. साडू थांबले. तेवढ्यात सेक्रेटरी लगबगीने आले आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "भाईसाहब, दुख तो हमको भी बहुत हुआ."

"किस बात का?" साडू म्हणाले.

"पिस्तौल का. आपके साढू बता गए ना, कि बैठ गई."

माळव्यात दुकान बैठ गई म्हणजे दुकान बुडालं. गला बैठ गया म्हणजे आवाज गेला. आणि पिस्तौल बैठ गई म्हणजे ती गेली, कायमची, राम म्हणून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज कानावर पडत होतं. पण मिरचीच्या त्या धुरळ्यात माझ्या तोंडून साडूंचा शब्द जसाच्या तसा निघाला, फक्त वर हिंदी टोपी घालून. आता सगळे माझ्याकडे बघत होते. साडूंनीही बघितलं. "धाकटे," ते म्हणाले, "तुम्ही असं म्हणालात?"

"तुम्ही म्हणालात तेच म्हणालो, भाऊसाहेब. बसली."

मग सेक्रेटरींच्या पोटातून हसू वर येऊ लागलं, त्यांनी ते दाबलं, ते पुन्हा वर आलं, आणि अखेर ते डोळे पुसत म्हणाले, "तो इसमें क्या है. पटिये हटाओ. भाईसाहब, आइए, आप चलाइए." पी.टी. मास्तर समजूतदार माणूस. त्यांनी लगेच फळ्या खाली ठेवल्या आणि दोन पावलं मागे सरकले. पण सरकताना त्यांनी एकदा दोरीपलीकडे बघितलं. तिकडे मास्तरांचे वडील असावेत असे एक म्हातारे गृहस्थ आणि एक नवी नवरी, दोघं परगावाहून आल्यासारखी गाठोड्यासकट उभी होती, आणि त्या नवरीने नुकताच हात हलवला होता.

साडूंनी तेही पाहिलं. सैल झालेली गोष्ट त्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही. ते पेटी उघडून उभे राहिले. मला वाटलं आता ते हात वर करणार, आणि मनात मी केलेली सगळी पापं फिटल्याचा आनंद करून घेतला. पण ते सेक्रेटरींना म्हणाले, "आपने इनको बोला था ना?"

"बोला तो था, पर वो तो गलतफहमी में..."

"बोला तो बोला." मग त्यांनी पी.टी. मास्तरांना जवळ बोलावलं. "हाथ आगे करो." आणि ते काळं, हलकं, लाल पिनेचं पिस्तूल त्यांच्या तळव्यावर ठेवलं. "खींचना नहीं, दबाना. बच्चों के मुँह की तरफ नहीं देखना, पाँव देखना. जो हिला, उसको वापस बुलाना, पर डाँटना नहीं. वो डर के ही हिलता है." पी.टी. मास्तर मान हलवत होते आणि प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणत होते. "धाकटे, टिकल्यांचा डबा द्या यांना," साडू म्हणाले. मी दिला. बोलावं असं बरंच होतं, पण समाचाराच्या वेळची आठवण होती म्हणून गप्प राहिलो.

पहिल्या शर्यतीची पोरं रेषेवर आली. पी.टी. मास्तरांनी हात वर केला आणि वळून साडूंकडे बघितलं. "आगे देखो," साडू म्हणाले. त्यांनी पुढे बघितलं, आणि पुन्हा वळले. तेव्हा साडू माझ्याकडे झुकून म्हणाले, "चला. मी इथं उभा राहिलो तर हा माझ्याकडेच बघत राहील. अशाने पोरं कधी सुटणार?" आणि आम्ही मैदानाच्या कडेकडेने चालत पार दुसऱ्या टोकाला गेलो, जिथे शर्यत संपते. सेक्रेटरींनी खुर्ची तिकडे पाठवली. साडूंनी ती हलवून बघितली नाही. सरळ बसले.

दूर, त्या टोकाला, पांढरा धुराचा एक गोळा उठला. पाठोपाठ, पापणी लवावी इतक्या उशिराने, बार ऐकू आला. साडूंनी माझा दंड धरला. "धाकटे," ते म्हणाले, "धूर आधी दिसतो."

पोरं येत होती. त्यांची तोंडं आ वासलेली, दात दिसणारी, एकाचे डोळे मिटलेले, एक कोणाचं तरी नाव घेत पळणारा. साडू खुर्चीच्या कडेवर आले. मग उभे राहिले. "असे दिसतात होय," ते स्वतःशीच म्हणाले. "इतकी वर्षं मी यांच्या टाचाच बघितल्या." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की शर्यत सोडणारा माणूस ती संपताना कधीच बघत नाही. धूर विरेपर्यंत त्याला पुढची टिकली भरायची असते. कोण जिंकलं हे त्यांना दर वर्षी कोणी तरी येऊन सांगत असे, आणि ते "छान" म्हणून पुढच्या रेषेकडे वळत.

पहिला आला, दुसरा आला, त्यांच्याभोवती घोळका झाला. साडू मात्र मागे बघत होते. एक लठ्ठसा मुलगा अजून येत होता, एकटाच, चड्डी हाताने सावरत, चालावं की पळावं हे न ठरवता. "हा कोण?" साडूंनी विचारलं. कोणालाच ठाऊक नव्हतं. "तिथं तर सगळे सारखेच उभे असतात," ते म्हणाले. आणि तो रेषेपाशी पोचेपर्यंत ते, कोट घातलेले, रेषेवर उभे राहिले. तो पोचला तेव्हा त्यांनी त्याचा हात हातात घेऊन हलवला, आणि मुलगा असा गोंधळला की त्याने यांनाच वाकून नमस्कार केला.

त्या दिवशी प्रत्येक शर्यतीचा शेवटचा मुलगा त्यांच्या हाती पोचला. पिस्तूल त्यांनी परत मागितलं नाही. पुढच्या वर्षी सेक्रेटरींनी आग्रह केला, तेव्हा म्हणाले, "मास्तरांचा हात आता चांगला बसलाय." तेवढं त्यांनी मराठीत म्हटलं, आणि मी, शहाणा होऊन, त्याचं हिंदी केलं नाही. पुढे कित्येक वर्षं ते स्पर्धांना येत, खुर्ची घेऊन त्या टोकाला बसत. मी शेजारी. कोण पहिला आला याची त्यांनी कधी चौकशी केली नाही.

आता तिकडे मी एकटाच जाऊन बसतो. माझी नजर अधू झाली आहे, पोरांची तोंडं नीट दिसत नाहीत. पण तो पांढरा गोळा अजून दिसतो. धूर उठतो, आणि आवाज यायचा असतो, तेवढ्यात मी कोणाला तरी सांगायला शेजारी वळतो.